बासी ईद आणि समुद्राचे उधाण

ईद-उल-फित्र चांदरातीनंतर येते, हे सांगायला शिक्षिका कशाला हवी? पण याच साध्या गोष्टीतून दुसरी एक गोष्ट निघते आणि ती आपल्या घाटावरच्या घरांत कोणी बोलत नाही. शव्वालचा चांद अमावास्येनंतर एक-दोन दिवसांत दिसतो. अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत असतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि पुढचे दोन-तीन दिवस समुद्राला सर्वांत मोठी भरती येते. कोकणात तिला उधाण म्हणतात. म्हणजे ईद, बासी ईद आणि तिसरा दिवस, असे आपल्या मुलांच्या फिरण्याचे जे तीन दिवस, तेच समुद्राचे उधाणाचे दिवस. हे एखाद्याच वर्षी घडते असे नाही. दरवर्षी असेच असते, कारण आपले कॅलेंडर आणि समुद्र दोघेही चंद्राकडे पाहूनच चालतात.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण सांगते. आमच्या धाराशिव (उस्मानाबाद) जिल्ह्यातली मुले पूर्वी बासी ईदला नळदुर्गच्या किल्ल्यावर जायची, पाणीमहाल बघायची, नर-मादी धबधबा पडत असला तर भिजायची आणि मगरिबपर्यंत घरी यायची. आता दोन-तीन गाड्या ठरतात, ईदच्या रात्री शिरखुर्म्याचा डबा घेऊन दहा वाजता निघतात आणि बार्शी, पुणे, ताम्हिणी घाट, माणगाव करत सकाळी सात-आठला कोकणच्या किनाऱ्यावर उतरतात. चारशे किलोमीटरच्या वर अंतर. चालवणारा रात्रभर जागा. आणि डोक्यात मोबाईलवर पाहिलेले व्हिडिओ: समुद्राच्या कडेला काळ्या खडकांवरून जीप मुंगीसारखी चढते आहे, एक चाक हवेत, मागे लाटा फुटताहेत.

या खेळाला इंग्रजीत रॉक क्रॉलिंग म्हणतात, खडकांवरून रांगणे. मला तो आवडतो. हे आधीच सांगते, नाहीतर वाचणारी मुले म्हणतील, टीचर आहे, मना करणारच. वेगाच्या वेडापेक्षा हे वेड कितीतरी बरे. यात जिंकतो तो सर्वांत हळू जाणारा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरात रुबिकॉन ट्रेल नावाची दगडधोंड्यांची वाट आहे. १९५३ पासून तिथे दरवर्षी जीपवाल्यांचा मेळा भरतो. आपल्याकडे गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज नावाची मोठी स्पर्धा होते. ही मूळची मलेशियातली, तिथे ती १९९७ ला सुरू झाली. मात्र गोव्याची ही स्पर्धा जंगलात, चिखलात, ओढ्यांत आणि जांभ्या दगडाच्या खड्ड्यांत होते. आयोजकांनी आखलेल्या जागेत होते. चौपाटीवर नाही.

खडकावर गाडी कशी रांगते, हे शेतकरी घरातल्या वाचकांना मी चार वाक्यांत सांगू शकते, कारण आपल्या दारात ट्रॅक्टर असतो. ट्रॅक्टरला हाय-लोचा दांडा असतो ना, तसाच खऱ्या फोर बाय फोर गाडीला असतो. लो टाकला की गिअरची ताकद आणखी वाढते. थारसारख्या गाडीत जवळजवळ अडीचपट. लोमध्ये पहिल्या गिअरला इंजिन शांतपणे फिरत असेल तर गाडी तासाला तीन-चार किलोमीटरने जाते, म्हणजे दळण घेऊन निघालेल्या माणसापेक्षाही हळू. पाय ॲक्सिलरेटरवर जवळजवळ नसतोच. ट्रॅक्टरच्या टाचेखाली डिफ लॉकचे पेडल असते, तेही इथे कामाला येते. डिफरन्शियल असे बनवलेले असते की वळताना बाहेरचे चाक जास्त फिरावे. पण एक चाक हवेत गेले की सगळी फिरकी त्या रिकाम्या चाकाला मिळते आणि जमिनीवरचे चाक गप्प बसते. लॉक लावले की दोन्ही चाकांना एकत्र फिरावेच लागते. चिखलात ट्रॅक्टर अडकल्यावर आपले भाऊ-बाप हेच करतात, फक्त त्याचा कोणी व्हिडिओ काढत नाही.

एक गोष्ट मात्र ट्रॅक्टरवाल्यालाही नवी वाटेल. खडकाळ वाटेवर मोठा धोंडा आला तर आपण तो दोन चाकांच्या मधून काढतो. रॉक क्रॉलिंगमध्ये उलट करायचे असते, चाक धोंड्याच्या माथ्यावर चढवायचे. धोंडा पोटाखाली गेला तर ऑइलचा चेंबर किंवा डिफरन्शियलची गोळी त्यावर आपटते. चाकाखाली गेला तर गाडीचे पोटच वर उचलले जाते. आणि समोर एक माणूस पायी चालत हाताने डावे-उजवे दाखवत असतो, कारण चालवणाऱ्याला बॉनेटच्या पलीकडचे पुढचे सहा-सात फूट दिसतच नाहीत. या माणसाचे ऐकायचे, गाडीत बसलेल्या चार मित्रांचे नाही. वर्गावर हेच सांगून मी थकले आहे, पण ते असो.

थोडे विषयांतर करते. थार ज्या कंपनीची, ती १९४५ मध्ये लुधियानात पोलादाच्या व्यापारासाठी सुरू झाली तेव्हा तिचे नाव होते महिंद्रा अँड मोहम्मद. दोन महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद असे भागीदार. फाळणीनंतर मलिकसाहेब पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. नावातली आद्याक्षरे एम अँड एम तशीच राहिली, पाटी फारशी बदलावी लागली नाही, असे आमचे वडील गमतीने सांगत. अमेरिकेच्या विलीज जीपचे सुटे भाग आणून इथे जोडायचे काम याच कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास सुरू केले. मराठवाड्यात जीप म्हणजे आधी तहसीलदाराची, मग पुढाऱ्यांची, आणि शेवटी पंधरा माणसे कोंबून तुळजापूरला जाणारी काळी-पिवळी. तिच्यात मागच्या पायरीवर लटकत कॉलेजला गेलेल्या पिढीची मुले आज थार घेतात, यात मला आनंदच आहे.

माझ्या आपाच्या मुलानेही घेतली. कर्जावर, सात वर्षांच्या हप्त्यांवर. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात इफ्तारला आला तेव्हा बेत सांगू लागला. हरिहरेश्वरला जायचे, खडकांवर गाडी चढवायची, एक भाऊ ड्रोन आणणार.

"बेटा, भरती कधी आहे बघितलंस का?" मी विचारले.

"खाला, फोर बाय फोर है. कुछ नहीं होता."

आपा भजी तळता तळता म्हणाली, "ही 'कुछ नहीं होता' म्हणायची सवय याच्या अब्बांची."

मग मी त्याला खाली नेले आणि म्हटले, लोचा दांडा दाखव. दांडाच नव्हता. गाडी मागच्या दोन चाकांवर चालणारी निघाली. जानेवारी २०२३ पासून थार अशीही मिळते. बाहेरून दिसायला जवळजवळ तशीच, किंमत कमी. त्यात गैर काहीच नाही, धाराशिव ते सोलापूर रस्त्याला फोर बाय फोर लागतोच कुठे? पण शोरूममध्ये विचारायचा प्रश्न त्याने विचारला नव्हता, आणि गाडीचे रूप पाहून मित्रांनी तिला फोर बाय फोर ठरवून टाकले होते. तुमच्या घरात अशी गाडी असेल तर आज संध्याकाळी गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा आहे का ते पाहा. काही कंपन्यांच्या गाड्यांत त्याऐवजी गोल बटण असते, त्यावर ४एच, ४एल लिहिलेले असते. ४एल नसेल तर ती गाडी खडकांवर रांगण्यासाठी बनलेली नाही.

समजा, आहे. तरी समुद्र वेगळा.

आपल्या मुलांचा अंदाज चुकतो तो इथे. आमच्याकडचा बालाघाटचा दगड आणि हरिहरेश्वरचा काळा दगड एकच आहे, दख्खनचा बेसाल्ट. ज्या दगडाने नळदुर्ग आणि परंड्याचे किल्ले बांधले, तोच तिकडे समुद्रात उतरलेला दिसतो. त्यामुळे मुलांना तो ओळखीचा वाटतो. माळावरच्या धोंड्यावर रबराचा टायर घट्ट धरतो, हे त्यांनी अनुभवलेले असते. पण भरतीत बुडणाऱ्या आणि ओहोटीत उघड्या पडणाऱ्या खडकावर हिरवे-काळे शेवाळ असते. सुकल्यासारखे दिसते, पण पाय ठेवला की साबण. त्यावर माणूस उभा राहत नाही, तिथे दीड टनाची गाडी कशी राहील? जिथे शेवाळ नाही तिथे कालवे चिकटलेली असतात. त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. टायरचा जमिनीला टेकणारा भाग जाड असतो, बाजू पातळ असते, आणि खडकांत गाडी बाजूनेच घासते. शिवाय लाटांनी हजारो वर्षे कोरून या खडकांत घळी आणि रांजणखळगे केलेले आहेत. निघोजला कुकडी नदीत पाहिले असतील तसेच. पाणी भरलेले असले की खळगा वीतभर खोल आहे की पुरुषभर, वरून कळत नाही.

आणि पाणी परत येते. आमच्या मांजरा, तेरणा, सीना, बोरी या नद्यांचा पूर आम्ही ओळखतो. चढतो, दोन दिवस राहतो, ओसरतो. ओसरला की ओसरला. समुद्र दिवसातून दोनदा ओसरतो आणि दोनदा चढतो, आकाश निळेभोर असतानाही. भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणून दुसऱ्या दिवशी भरती सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. उर्दूत याला मद्द-ओ-जझर म्हणतात. मद्द म्हणजे चढणे, जझर म्हणजे ओसरणे. मौलाना हालींच्या मुसद्दसचे पूर्ण नाव 'मद्द-ओ-जझर-ए-इस्लाम' आहे, ते इथूनच. जझर आणि जझीरा हे शब्द एकाच धातूचे आहेत आणि मुरूडचा जंजिरा म्हणजे हाच जझीरा, बेट. नववीच्या मुलांना मी हे सांगते तेव्हा त्यांना भूगोल आणि उर्दू एका तासात झाल्यासारखे वाटते.

आता हिशोब. कोकणातले मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या तिथीवरून भरती काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता पूर्ण भरती, दिवसाही आणि रात्रीही. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरांत आपल्या बिरादरीचे पुष्कळ लोक मासेमारीत आहेत. त्यांना हे पाढ्यासारखे येते. आपल्या घरातल्या कॅलेंडरवर तिथी नसली तरी हरकत नाही, चांदची तारीख असते. आपल्याकडच्या चांदच्या तारखेत एक मिळवा, जवळजवळ तिथी येते. बेरीज पंधराच्या वर गेली तर पंधरा वजा करा.

बासी ईदचे करून पाहू. शव्वालची २ तारीख, अधिक एक, तीन. तिनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास पूर्ण भरती आणि सकाळी आठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. आपली मुले किनाऱ्यावर पोचतात तीच ही वेळ! आठ वाजता पाणी लांब गेलेले असते, एरवी बुडालेले खडक उघडे पडलेले असतात, वाळू ओली आणि टणक दिसते, आणि उधाणाची ओहोटीही मोठी असल्याने किनारा नेहमीपेक्षा रुंद दिसतो. समुद्राने गाडी उतरवायला अंगण सारवून ठेवले आहे असे वाटते. मुले चहा-नाश्ता करून नऊला खाली उतरतात.

पाणी चढते ते सारख्या वेगाने नाही. खलाशी याचा एक अंदाज वापरतात. सहा तासांत जेवढे पाणी चढायचे त्याचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. आठ ते नऊ काहीच होत नाही असे वाटते. नऊ ते दहा थोडे. आणि दहा ते बारा या दोन तासांत अर्धा समुद्र येतो. मुंबई-अलिबागकडे उधाणाला चढ-उतार चार मीटरच्या आसपास असतो. दक्षिणेकडे, रत्नागिरी-सिंधुदुर्गात, तो कमी होत जातो. चार मीटर धरले तर दहा ते अकरा या एका तासात पाणी एक मीटर चढते. थारचे चाक एक मीटर उंच नसते. कंपनी सांगते की गाडी ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते. तेही लाट नसलेल्या पाण्यातून. उतार सपाट असेल, पन्नास मीटरला एक मीटर असा, तर पाण्याची कड त्याच तासात पन्नास मीटर आत येते. ड्रोन उडवून, बॅटरी बदलून, दोन-तीन रिटेक घेऊन झाले की अकरा वाजलेलेच असतात.

संध्याकाळी गेले तरी फार फरक नाही. सव्वादोनची भरती ओसरत ओसरत साडेआठला तळाला जाते. सहा-सात वाजता सूर्यास्ताचा फोटो घ्यायला गाडी पाण्यापर्यंत नेली आणि रुतली, तर अंधारात, झोपलेल्या गावात, समुद्र रात्री अडीचपर्यंत चढत राहणार.

हा हिशोब अर्ध्या-एक तासाने इकडे-तिकडे होतो, बंदराप्रमाणे बदलतो. नेमकी वेळ हवी असेल तर हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर भरती-ओहोटी आणि लाटांचे इशारे मिळतात, किंवा ज्या गावी उतरणार तिथल्या कोणत्याही मच्छीमाराला विचारावे. पाऊणपट ही घरातल्या आयांसाठी आहे. मुलगा बेत सांगू लागला की बोटांवर मोजून त्याला वेळ सांगता यावी. एकदा वेळ सांगितली की तो निदान ऐकून घेतो. नुसते जाऊ नको म्हटले तर ऐकत नाही.

बकरी ईदला चित्र निराळे असते. जिलहिज्जची दहावी म्हणजे चंद्र अर्ध्याहून बराच मोठा. त्या दिवसांत सूर्य आणि चंद्राची ओढ एकमेकांना छेद देते, भरती लहान असते. कोकणात तिला भांग म्हणतात. पण भांग म्हणजे बिनधोक, असे कोणी समजू नये. १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल मुरूडला गेली होती आणि १४ विद्यार्थी बुडून गेले. आपल्या ओळखीतल्या कित्येक घरांत त्या दिवशी फोन वाजत होते. त्या दिवशी चंद्र अर्धा होता, उधाण नव्हते. तेव्हापासून शाळेच्या सहलीच्या परवानगीच्या कागदावर समुद्राचे नाव दिसले की माझा हात थांबतो.

गाडी रुतते कशी, हेही समजून घ्यायला हवे. ओल्या वाळूवर गाडी उभी असताना प्रत्येक लाट चाकाभोवती फिरून जाते आणि परत जाताना चाकाखालची मूठभर वाळू घेऊन जाते. दहा-पंधरा लाटांत चाक एक्सलपर्यंत बसते. चालवणारा घाबरून ॲक्सिलरेटर दाबतो, चाक फिरते आणि स्वतःचा खड्डा स्वतःच खणते. ट्रॅक्टर किंवा जेसीबी आणायचा म्हटले तर त्यालाही त्याच वाळूवरून यावे लागते, आणि त्याचा मालक आपले मशीन खाऱ्या पाण्यात घालायला तयार होत नाही. जून २०२४ मध्ये कच्छच्या मुंद्र्याजवळ रीलसाठी समुद्रात घातलेल्या दोन थार अशाच अडकल्या. जुलै २०२५ मध्ये सुरतच्या डुमस किनाऱ्यावर मर्सिडीजसुद्धा रुतली. दोन्ही ठिकाणी गाडी काढायला गाव जमा झाले आणि मग पोलीस आले.

गाडी निघाली तरी खारे पाणी आत गेलेले असते. ब्रेक, बेअरिंग, वायरींचे जोड, सेन्सर, सगळीकडे. आठवड्यात गंज दिसू लागतो, महिन्यात गाडीचा मेंदू म्हणजे तिचा कॉम्प्युटर वेडे चाळे करू लागतो. विमा? इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान साध्या पॉलिसीत धरत नाहीत. त्यासाठी वेगळे इंजिन प्रोटेक्शन घ्यावे लागते. ते घेतलेले असले तरी आपणहून समुद्रात उतरवलेल्या गाडीचा दावा कोणती कंपनी हसत मंजूर करील? स्पर्धेत, शर्यतीत उतरवलेल्या गाडीला तर पॉलिसीच्या अटींतच जागा नाही. हप्ते मात्र सात वर्षे चालू राहतात, आणि ते बहुतेक वेळा पोराच्या नाही, अब्बांच्या खात्यातून जातात.

कायद्याचे थोडक्यात सांगते. गोव्यात चौपाटीवर वाहन नेणे हा गुन्हा आहे. २०२२ मध्ये तिथल्या पर्यटन खात्याने काढलेल्या आदेशात दंड ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत ठेवला होता. आपल्या रायगड-रत्नागिरीच्या कित्येक किनाऱ्यांवर वाहनबंदीचे फलक लावलेले आहेत. बेदरकार चालवून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर भारतीय न्याय संहितेची कलमे २८१ आणि १२५ लागू शकतात. आणि चालवणारा अठरा वर्षांखालचा असेल तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकालाच २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्या मोहल्ल्यात ही शेवटची गोष्ट वाचून दाखवायची गरज आहे, कारण दहावीच्या निकालाआधीच चावी हातात देणारे बाप इथे कमी नाहीत.

कायद्यापेक्षाही मला जास्त खुपते ते वेगळेच. ईद सध्या फेब्रुवारी-मार्चकडे सरकली आहे आणि हाच ऑलिव्ह रिडले कासवांचा काळ. मादी रात्री वाळूत येते, खड्डा करून शंभरेक अंडी घालते, बुजवते आणि निघून जाते. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन २००२ पासून ही घरटी राखली. गाडीच्या चाकाखाली अशी वाळू दबली की आतले सगळे संपते आणि वर काहीच दिसत नाही. खडकांचेही तसेच. ओहोटीला हातात कोयती आणि टोपली घेऊन बायका ज्या खडकांवर कालवे काढतात, तो त्यांचा बाजार आहे. आपल्या ज्वारीच्या उभ्या शिवारातून कोणी जीप घातली तर आपण काय करू? रत्नागिरीचे सडे उजाड दिसतात म्हणून काहीजण तिकडे गाड्या घालतात. तिथल्या कातळावर उक्षी, कशेळी, बारसू अशा ठिकाणी हजारो वर्षांपूर्वी माणसांनी कोरलेली चित्रे आहेत, कशेळीला तर भलामोठा हत्ती. २०२२ मध्ये ही कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली.

मग मुलांनी हौस भागवायची कुठे? आपल्याच जिल्ह्यात, ओळखीच्या माणसाच्या पडीक माळावर, त्याला विचारून. धोंडे भरपूर आहेत, शेवाळ नाही, पाणी परत येत नाही आणि गाडी अडकली तर शेजारी ट्रॅक्टर आहे. येडशीच्या रामलिंग अभयारण्यात मात्र नाही, ते वनखात्याचे. इगतपुरीजवळ महिंद्राने ऑफ-रोड शिकवण्याचे केंद्र काढले. तिथे त्यांच्याच गाड्यांवर, शिकवणाऱ्याला शेजारी बसवून चालवता येते. मुलीही जातात. आपाच्या मुलाला मी हाच पर्याय सुचवला तेव्हा त्याची धाकटी बहीण म्हणाली, "खाला, मैं जाऊंगी." गिअर बदलण्यात ती भावापेक्षा शांत आहे, हे मी स्वतः शेजारी बसून पाहिले आहे.

तो कोकणात गेला. गाडी डांबरावर ठेवून, असे फोटोवरून तरी दिसले.

ज्यांची मुले तरीही जातील त्यांच्यासाठी एवढे लिहून ठेवते. गाडी किनाऱ्यावर अडकली आणि पाणी चढू लागले तर आधी माणसे बाहेर काढायची, लहान मुले आणि पोहता न येणारे सर्वांत आधी, आणि सरळ वरच्या कोरड्या जमिनीवर न्यायचे. मोबाईल किंवा बॅग आणायला कोणी परत जायचे नाही. ११२ ला फोन करायचा आणि जवळच्या वाडीत माणूस पाठवायचा. किनाऱ्यावरची माणसे धर्म-गाव विचारत बसत नाहीत, धावून येतात. चाके वाळूत फिरवत बसायचे नाही. वेळ असेल तर टायरची हवा पंधरा-अठरा पाउंडांपर्यंत उतरवायची, चाकापुढची वाळू हाताने काढायची, चटया किंवा फळ्या घालायच्या आणि आलो त्याच चाकोरीने मागे घ्यायचे. हवा कमी केलेल्या टायरवर नंतर हमरस्त्याला वेगाने जायचे नाही, आधी पंप शोधायचा. दोर बांधायचा तो बंपरला नाही, टोइंगच्या हुकाला. आणि दोर ताणला गेला की त्याच्या रेषेत, पुढे किंवा मागे, कोणालाही उभे राहू द्यायचे नाही. तुटलेला दोर चाबकासारखा परत येतो. त्याच्या मधोमध एक ओले गोणपाट टाकून ठेवावे, म्हणजे तुटला तरी जागीच पडतो.